दुसऱ्या पाळीची धूळ

"काका, जरा सरकता का? लॅपटॉपला कुंकू लावायचंय," मुग्धा मॅडम म्हणाल्या.

मी सरकलो. अठ्ठावीस वर्षं खंडेनवमीला ज्या टेबलाच्या कोपऱ्याशी मी उभा राहत आलो, तिथून मला सरकावं लागलं, आणि तेही कुणासाठी, तर एका लॅपटॉपसाठी! टेबलावर पाने, हातोड्या, ग्रीसची बंदूक, चाळण्यांच्या चौकटी, मिलमधली सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडली होती. मधोमध तो लॅपटॉप झेंडूची माळ घालून नव्या जावयासारखा बसला होता.

आमची डाळमिल लातूरच्या एमआयडीसीत आहे. तूर, हरभरा, मूग, उडीद, सगळं एकाच मशीनवर भरडतो. आज कोणता माल चालवायचा, किती वाजेपर्यंत, आणि मग कोणता, हे ठरवायचं काम माझं. सकाळी सात वाजता मी गेटजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायचो आणि त्याबरहुकूम मिल चालायची. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल. गाडीवाल्याला मूग आजच पाहिजे असतो. तेल-पाणी लावून अंगणात पसरलेल्या तुरीला तीन दिवसांचं ऊन पाहिजे. मशीन जोरात चालवलं तर डाळीचा तुकडा पडतो. आणि उडीद संपवून मूग घालायचा म्हटलं की सगळं मशीन उघडून साफ करावं लागतं, नाहीतर मुगाच्या डाळीत उडदाची काळी टरफलं दिसतात आणि व्यापारी अख्खा माल परत पाठवतो. एकाला खूश करावं तर दुसरा रुसतो. ह्या चौघांना सांभाळत मी अठ्ठावीस वर्षं काढली, आणि आता ते काम लॅपटॉप करणार होता.

मुग्धा मॅडम म्हणजे मालकांच्या सूनबाई. माहेर नांदेडचं, तिथंच इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायच्या. लग्न होऊन लातूरला आल्या आणि सहा महिने मिलमध्ये फिरून त्यांनी तो प्रोग्राम तयार केला. पोरगी हुशार आहे, ह्यात वाद नाही. तेच तर दुखत होतं.

"भागवत, आता तुझी डोकेदुखी गेली बघ," मालक वसंतराव म्हणाले.

माझं डोकं कधी दुखलंच नव्हतं. पण मालकापुढे काय बोलणार? मी हसलो.

"चला, नारळ कोण फोडणार? अप्पा, या पुढं."

आणि अप्पा पुढे आला. गुरुपादप्पा. मिलमधून रिटायर होऊन दीड वर्ष झालं होतं त्याला, तरी खंडेनवमीच्या नारळाला त्यालाच बोलावणं. उदगीरकडचा माणूस, धिप्पाड, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. दुसऱ्या पाळीचा, म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकराचा, तो मुकादम होता. नुसत्या आवाजावरून मशीनचा रोल कुठे घासतोय ते सांगायचा. "अप्पाला विचारा," हे मालकांचं पालुपद. मशीन थांबलं, अप्पाला विचारा. नवा फिटर घ्यायचाय, अप्पाला विचारा. मी फळ्यापाशी खडू घेऊन उभा असायचो आणि मला कुणी काही विचारायचं नाही, कारण माझं काम बिघडतच नव्हतं! तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो. मनात कधी म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर मी अप्पावर जळायचो. चांगला वर्षानुवर्षं जळत आलो. मालकांच्या मुलीचं लग्न नांदेडला झालं, तेव्हा अप्पाला फेटा बांधून स्टेजवर पाहुण्यांच्या रांगेत बसवलं होतं. मला मंगल कार्यालयाच्या दारात गाड्या लावायला उभं केलं, गळ्यात शिट्टी देऊन. मे महिन्याचं ऊन. आहेर म्हणून मला टॉवेल-टोपी मिळाली. मी ती टोपी अजून घातलेली नाही.

तर त्या खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा झाली, अप्पाचा नारळ फुटला, आणि माझ्या डोक्यात सणक गेली.

"मॅडम," मी म्हणालो, "तुमचा प्रोग्राम लई भारी आसंल. पर माझ्या बारा वर्साच्या डायऱ्या हायत माझ्यापाशी. रोज कोनता माल कवा लावला, कवा बदलला, सगळं लिवलेलं हाय. ते घाला तेच्यात. मंग बगू, कुनाचं बरूबर हाय ते."

मॅडमचा चेहरा उजळला. "खरंच देता? काका, ह्याहून चांगलं काय असणार!"

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या खूश झाल्या, ह्याचाही मला राग आला.

घरी येऊन मी कपाटावरच्या डायऱ्या काढल्या आणि फडक्यानं पुसायला बसलो. उज्वला, माझी बायको, भाजी निवडत बघत होती.

"आता ह्या कुटं न्यायलाव?"

"मिलमदी. दावतो त्या लॅपटॉपला."

"लॅपटॉपला काय दावता? तुमचं पोट त्या अप्पावर दुखतंय, ते म्हायती न्हाई का मला? ते बिचारं घरी बसलं तरी तुमचं दुखनं काय जाईना."

"तू भाजी निवड."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डायऱ्या मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. पुढचा महिनाभर त्या रोज मला तासभर बसवून घ्यायच्या. माझं अक्षर लागायचं नाही, तेवढं मी वाचून दाखवायचो. मधूनमधून त्या मला प्रोग्राम कसा चालतो ते समजावून सांगायच्या. पडद्यावर शेकडो ठिपके असायचे. एकेक ठिपका म्हणजे एका दिवसाचं एकेक वेळापत्रक.

"हे बघा काका, ह्या कडेच्या रांगेतले ठिपके. ह्यातला कुठलाच दुसऱ्याहून सगळ्या बाबतीत चांगला नाही. ह्याच्यात गाड्या वेळेवर जातात, पण तूर ओली राहते. त्याच्यात तूर वाळते, पण दोनदा माल बदलावा लागतो. सगळ्यांना एकदम खूश करणारा ठिपका नसतोच. मग आपण ठरवायचं, कशाला किती वजन द्यायचं. तुम्ही हे डोक्यात करत होता. तुमच्या डायऱ्यांवरून मी उलटं शोधतेय, की तुम्ही कशाला किती वजन देत होता."

"ते कळतं का मागून?"

"कळतं की. माणूस काय निवडतो, त्यावरून त्याच्या मनात काय होतं ते कळतंच."

त्या वेळी मला ते फार आवडलं होतं! कुणीतरी पहिल्यांदाच माझ्या मनात काय होतं ते शोधत होतं. मी त्यांना चहा सांगायला लागलो. घरून शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली. लॅपटॉपवरचा राग थोडा उतरला, इतका, की मॅडम जेवायला गेल्या तर मी त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल टाकायचो.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मालकांनी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. प्रोग्राम चालू करायचा की नाही, आणि फळा कुणाकडे ठेवायचा, ते त्या दिवशी ठरणार होतं. पहिल्या पाळीचा मुकादम आनंदराज होता, अप्पाच्या जागी दुसऱ्या पाळीवर आलेला महांतेश होता, आणि अर्थातच, घरून रिक्षा पाठवून बोलावलेला अप्पा होता. त्याला खुर्ची दिली. दोन पायऱ्या चढून आला तर त्याला धाप लागली होती. खिशातला दम्याचा पंप तोंडाला लावून त्यानं दोनदा ओढला आणि हातानंच सगळ्यांना 'चालू द्या' म्हणाला.

मॅडमनी भिंतीवर चित्र टाकलं. निळे ठिपके प्रोग्रामचे, लाल माझे. बारा वर्षांचे माझे ठिपके आणि त्यांची ती कडेची रांग एकमेकांवर बसली होती. म्हणजे बसलीच होती! चार-दोन ठिपके इकडंतिकडं असतील.

"काकांचं वेळापत्रक जवळजवळ प्रत्येक दिवशी उत्तम ठिपक्यांवरच आहे," मॅडम म्हणाल्या. "काही दिवशी तर प्रोग्रामपेक्षा सरस. किनवटकडची गाडी कायम उशिरा येते, हे प्रोग्रामला माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं. माझ्या मते फळा काकांकडेच राहावा. प्रोग्राम त्यांनी वापरावा."

"वा रे भागवत!" मालक म्हणाले. "आपल्याला पत्ताच न्हवता की ओ."

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. मी अप्पाकडे बघितलं. बघणारच. तो हसून मान हलवत होता, मनापासून हसत होता, आणि तेवढ्यापुरता तो मला अजिबात टोचला नाही.

"फक्त एक गोष्ट मला सुटली नाही," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी चित्र बदललं. "माल बदलायची वेळ. बऱ्याच दिवशी असं असतं, की बदल दुपारी दोनला केला काय आणि साडेतीनला केला काय, गाड्या, ऊन, तुकडा, कशातच फरक पडत नाही. मग अंदाजे निम्मे बदल पहिल्या पाळीत यायला पाहिजेत आणि निम्मे दुसऱ्या. काकांच्या डायरीत दहातले नऊ दुसऱ्या पाळीत आहेत. पहिल्या वर्षी तसं नाही. त्या वर्षी मेपर्यंत निम्मे-निम्मेच आहेत. मे महिन्यानंतर एकदम वाढलेत, ते थेट गेल्या वर्षीपर्यंत. आणि दर श्रावणात अप्पा पंधरा दिवस रजेवर असायचे ना, तेवढे पंधरा दिवस परत निम्मे-निम्मे."

मी भिंतीवरच्या त्या मे महिन्याकडे बघत राहिलो.

माल बदलणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. मशीन बंद करायचं. चाळण्यांच्या चौकटी काढून झोडपायच्या. मग धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बुडाशी पुरुषभर खड्डा आहे, त्यात उतरायचं आणि खाली साचलेला माल हातानं ओढून काढायचा. उडदाचा असेल तर काळा भुकटा उठतो. तोंडाला फडकं बांधलं तरी दोन दिवस काळी थुंकी पडते. तासाभराचं काम. कुणालाच ते आपल्या पाळीत नको असतं. आणि अप्पाची खोड अशी, की तो पोरांना खड्ड्यात उतरू द्यायचा नाही. स्वतः उतरायचा.

नांदेडच्या लग्नाहून आलो, त्या सोमवारी फळ्यावर बदलाची वेळ 'दोन' लिहिली होती मी. मग पुसली आणि 'सव्वातीन' लिहिली. उतर म्हटलं, फेटा बांधून उतर. ते मला आठवतं. त्यानंतरचं आठवत नाही. खोटं सांगत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते हाताला इतकं बसलं, की खडू आपोआपच तीनच्या पुढे जायचा. मी विसरून गेलो होतो. लॅपटॉपनं विसरू दिलं नाही. आणि डायऱ्या तर मीच पुसूनबिसून आणून दिल्या होत्या.

"मला वाटतं," मॅडम म्हणत होत्या, "अप्पांकडं माल बदलायचं काहीतरी खास कसब असणार. म्हणून काका मुद्दाम त्यांच्या पाळीसाठी राखून ठेवत असतील. बरोबर ना काका?"

बघा दैव! माझ्या जळण्याचंसुद्धा श्रेय अप्पालाच.

मालक माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात अप्पा खाकरला.

"बरूबर हाय, सूनबाई," तो म्हणाला. "मीच मनलो होतो भागवतला. माज्या पाळीत पोरं दनगट होती. पैल्या पाळीत सगळे म्हातारे. मनलं, बदल माज्याकडं टाकत जा. तेनं टाकला. तेच्यात काय येवडं?"

एवढं बोलून त्याला खोकला आला. आनंदराजनं पाणी दिलं.

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, आणि आता तो मला झाकत होता. मला काय वाटलं सांगू? लाज वाटायला हवी होती. आधी मात्र वाटला तो हेवाच. इथंही हाच मोठा. मी वाईटपणा केला, त्यातही ह्यानंच मोठेपणा मिळवला!

"मग झालं तर," मालक म्हणाले. "मुग्धा, ते प्रोग्राममध्ये टाकून दे. माल बदल दुसऱ्याच पाळीत. अप्पानं इतकी वर्षं चालवलंय म्हणजे त्यात काहीतरी असणारच."

"टाकते. मग ते कायमचंच होईल. पुन्हा कुणाला ठरवावं लागणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि टाइप करायला लागल्या.

महांतेश दाराशी उभा होता. तिशीतला गडी, घरी दोन लहान मुली. त्यानं अप्पाच्या हातातल्या पंपाकडे बघितलं आणि मग खाली.

मी गप्प बसलो असतो तर फळा माझा होता. 'वा रे भागवत' माझं होतं. कुणाला काही कळलं नसतं. आणि माझी ती सव्वातीनची वेळ मिलमध्ये कायमची राहिली असती, मी मेल्यावरसुद्धा.

"मॅडम, लिवू नका ते," मी म्हणालो.

"का काका?"

"अप्पा झूट बोलालेत. तेनी मला काय बी सांगितलं न्हवतं. मीच लिवायचो तसं." आवाज माझा मलाच ओळखू येईना. "मी जळायचो तेंच्यावर. ताईच्या लग्नात तेनला फेटा बांधला, मला शिट्टी दिली. तवापासून. दुसरं काय कारन न्हाई. कसब-बिसब कायबी न्हाई."

मालकांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांना फेटा आठवतही नसणार. कुणाला बांधला, कुणाला नाही, कुठल्या मालकाला आठवतं?

मुग्धा मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याकडेच बघत हळू विचारलं, "मग ह्याला किती वजन देऊ, काका?"

"शून्य द्या."

त्यांनी शून्य टाकलं. मला ते भिंतीवर दिसलं.

"बदल दोनी पाळ्यांत सारके वाटा," मी म्हणालो. "आन् खड्ड्यात हवा वडायचा पंखा बसवा. माझं काय करायचं ते मालक ठरवतील."

मालकांनी ठरवायला वेळ लावला नाही. "उद्यापासनं फळा मुग्धा बघंल," ते म्हणाले. "तू गोदामावर जा, भागवत." ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर आलो तर अप्पा पायरीवर बसला होता. रिक्षा निघून गेली होती. मी स्कूटर काढली आणि त्याच्यासमोर उभी केली. तो मागे बसला. एमआयडीसीच्या रस्त्यानं मी सावकाश चालवत होतो.

"कामून बोललास?" तो मागून म्हणाला. "मी झाकलो होतो की."

"महांतेशच्या उरावर बसलं आसतं ते."

"ते बी खरं हाय."

थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "तुमाला कवापासून ठाव हुतं?"

"पैल्याच म्हैन्यात. मी काय येडा हाव का? फळ्यावर पुसलेलं दिसतंय की, दोनचं सव्वातीन."

"मंग बोलला कामून न्हाईत? मालकानं तुमचंच ऐकलं आसतं."

"मनून तर न्हाई बोललो. ऐकलं आसतं, आन् तुला काढला आसता. तुज्या घरी तवा लेकरं ल्हान होती." तो थांबला, श्वास घेतला. "आन् तू काय लई साधू समजू नको मला. खड्ड्यात उतरलो की रोज शिव्या घालायचो तुला. कानडीतनं."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि गाडी चालवताना दोन्ही बरं नाही. तेवढ्यात त्याचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला.

"थांब. थांब जरा."

मी गाडी कडेला घेतली. तो उतरून कंबरेत वाकला. पंप ओढला, पुन्हा ओढला. छातीतून शीळ वाजत होती. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटलं. दहा वर्षं ज्या पाठीवर मी तो खड्डा लादला, तिला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

समोरून उडदाची पोती भरलेला ट्रक येत होता. रस्ता कच्चा होता आणि ट्रकमागे धुळीचा लोट उठला होता. मी पटकन अप्पाच्या पुढे झालो आणि शर्टाची दोन्ही टोकं हातात धरून फाकवली. एवढ्यानं काय अडणार होती ती? ट्रक गेला. धूळ माझ्या तोंडावर, डोळ्यांत, दातांत बसली, आणि त्याच्यावरही बसलीच. ती खाली बसेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.